मार्सेलिसच्या बंदरात नियम कुणासाठी वाकले?

मार्सेलिस हे नाव मराठी माणसाला एका उडीमुळे माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात ती उडी असते, २८ मेच्या भाषणात असते, आणि समाजमाध्यमांवर तर दरवर्षी ठरलेला वाद असतो: समुद्र होता की बंदरातलं पाणी, अंतर किती, पोहले किती. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि मे संपला की थंड होतात. ज्या शहराच्या धक्क्यावर हे सगळं घडलं त्या शहराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मला त्या शहराचा नाद लागला तो असाच, वाद वाचून कंटाळा आल्यावर. गेली काही वर्षं मिळेल ते वाचतोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी नाव. फ्रेंच लोक 'मार्सेय' म्हणतात. आपल्याकडे मार्सेलिस रुळलंय, मी तेच वापरतो.

हे फ्रान्समधलं सगळ्यात जुनं शहर. पॅरिसपेक्षाही जुनं. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराला आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकिया गावातले ग्रीक दर्यावर्दी इथे आले. जागा अशी की कुठल्याही खलाशाने बघताक्षणी नांगर टाकावा: तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि मध्ये जमिनीत घुसलेली अरुंद, शांत खाडी. ग्रीकांनी वस्तीला नाव दिलं मस्सालिया.

स्थापनेची दंतकथा तर थेट आपल्या स्वयंवराची आहे. तिथल्या स्थानिक टोळीच्या राजाने मुलीच्या लग्नासाठी मेजवानी ठेवली होती. मुलीने पेयाचा प्याला ज्याच्या हातात द्यायचा, तो नवरा. जिप्तिस नावाच्या त्या मुलीने जमलेल्या सगळ्या स्थानिक तरुणांना ओलांडून, त्याच दिवशी बोटीतून उतरलेल्या प्रोतिस नावाच्या परक्या ग्रीकाच्या हातात प्याला दिला. राजाने जावयाला खाडीकाठची जमीन दिली आणि शहर वसलं. दंतकथाच ती, पण आपली सुरुवात परदेशातून आलेल्या जावयापासून झाली असं अभिमानाने सांगणारी शहरं जगात फार नसतील. आजही तिथे परके-स्थानिक असा वाद पेटला की कुणीतरी जिप्तिसचं नाव काढतंच.

ग्रीकांनी या भागात द्राक्षाची आणि ऑलिव्हची लागवड आणली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात इथल्याच पायथिअस नावाच्या माणसाने ब्रिटनपर्यंत सफर केली आणि उत्तरेकडच्या समुद्राची अशी वर्णनं लिहिली की पुढच्या कित्येक पंडितांनी त्याला थापाड्या ठरवलं. ख्रिस्तपूर्व ४९ मध्ये सीझर आणि पॉम्पी यांच्या भांडणात शहराने पॉम्पीची बाजू घेतली, सीझरने वेढा घातला, शहर पडलं. राजकारणात घोडा चुकला की काय होतं ते मस्सालियाने दोन हजार वर्षांपूर्वी भोगलंय. पण बंदर चालूच राहिलं.

ते प्राचीन बंदर सापडलं १९६७ मध्ये, शॉपिंग सेंटरसाठी पाया खणताना. ग्रीक तटबंदी, रोमन काळातला धक्का, रस्ता, सगळं शहराच्या ऐन मध्यात. बरीच ओढाताण झाली, शेवटी काही भाग वाचवला. आज तिथे शॉपिंग सेंटरही आहे आणि त्याला लागून अवशेषांची बाग आणि इतिहासाचं संग्रहालयही. १९९३ मध्ये जवळच्याच एका चौकात ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातल्या ग्रीक होड्या निघाल्या. त्यातली एक फळ्या दोरीने शिवून बांधलेली होती. खिळा नाही, शिवण. पुढे त्या होडीची प्रतिकृती बांधून २०१३ मध्ये समुद्रात सोडली, नाव ठेवलं जिप्तिस. आपल्याकडे गोव्यात नौदलासाठी अलीकडे 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज बांधलं गेलं, ते वाचताना मला हीच होडी आठवली.

मधली शतकं मी ओलांडतो, कारण मला १७२० वर यायचंय. या शहराबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर ती १७२० ची वाचा.

तोवर मार्सेलिस पूर्वेकडच्या व्यापाराचं फ्रान्समधलं मुख्य दार झालं होतं. सीरिया, लेबनॉन, सायप्रस, इजिप्त इथून कापूस, रेशीम, कापड यायचं. त्याच वाटेने प्लेगही यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून शहराने एक कडक व्यवस्था उभारली होती. प्रत्येक जहाजाकडे निघालेल्या बंदराचा आरोग्यदाखला असायचा. दाखले तीन प्रकारचे: निर्मळ, संशयित, दूषित. बंदराच्या तोंडाशी आरोग्य कचेरी होती. कप्तानाने लांबूनच माहिती द्यायची आणि त्याचे कागद व्हिनेगरमध्ये बुडवून मगच हातात घ्यायचे. त्यानंतर दाखल्याप्रमाणे माणसं, माल आणि जहाज यांनी ठरलेले दिवस वेगळं राहायचं. शहराच्या उत्तरेला भिंतींनी वेढलेलं विलगीकरण केंद्र होतं. ज्या जहाजावर प्लेगचा संशय असेल त्याने तर शहराजवळसुद्धा यायचं नाही, जार नावाच्या ओसाड बेटापाशी थांबायचं.

आणि ही व्यवस्था चालत होती, हे लक्षात घ्या. तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हता, पिसू कुणाला माहीत नव्हती, तरी १६५० नंतरची ७० वर्षं शहरात प्लेग आला नव्हता. म्हणजे अज्ञान हे कारण सांगता येत नाही. काय करायचं ते माहीत होतं, लिहिलेलं होतं, रोज पाळलं जात होतं.

फक्त एक मेख होती. आरोग्य कचेरीचे अधिकारी शहरातल्या व्यापाऱ्यांमधूनच नेमले जायचे. ज्यांचा माल अडवायचा, तेच अडवणारे.

२५ मे १७२० ला 'ग्रां सेंत आंत्वान' नावाचं जहाज मार्सेलिसला लागलं. कप्तानाचं नाव शातो. जहाज जानेवारीअखेरीस आजच्या लेबनॉनमधल्या सिदोनहून निघालं होतं. निघताना दाखला निर्मळ. वाटेत एक तुर्की प्रवासी मेला. मग काही खलाशी मेले. मग जहाजावरचा वैद्यच मेला. कप्तान घाबरून जहाजाच्या मागच्या भागात वेगळा राहू लागला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराने जहाज आत घ्यायला नकार दिला. तुलों शहराजवळच्या एका आडबाजूच्या खाडीत जहाजाने गुपचूप मुक्काम केला आणि मालाच्या मालकांना आतून निरोप गेला, असं इतिहासकार सांगतात.

मालाची किंमत होती सुमारे तीन लाख लिव्र. रेशमी आणि सुती कापड. त्या मालात ज्यांचा हिस्सा होता त्यात होता एस्तेल, म्हणजे शहराच्या कारभाऱ्यांमधला पहिला. आजच्या भाषेत महापौरच म्हणा. आणि २२ जुलैला बोकेर गावची मोठी जत्रा भरणार होती, जिथे सगळ्या दक्षिण फ्रान्सचे कापडवाले जमायचे. माल महिनाभर बेटावर अडकला की जत्रा हुकली. जत्रा हुकली की वर्ष गेलं.

आता तुम्हीच सांगा, पुढे काय झालं असेल.

नियमाप्रमाणे जहाजाची जागा जार बेटापाशी होती. माल तिथेच उघड्या हवेत पडायला हवा होता. पण कापडाचे गठ्ठे शहराला लागून असलेल्या विलगीकरण केंद्रात उतरवले गेले. बंदराच्या वैद्याने मेलेल्या खलाशाचं प्रेत बघून प्लेगची लक्षणं नाहीत असं लिहून दिलं. जूनमध्ये गठ्ठे हाताळणारे हमाल मरायला लागले. २० जूनला शहरातल्या एका अरुंद गल्लीत पहिली बाई मेली. ९ जुलैला पेयसोनेल या बाप-लेक डॉक्टरांनी एका आजारी मुलाला तपासून कारभाऱ्यांना सरळ सांगितलं, प्लेग आहे. नंतर मोंपेलियेहून खास बोलावलेल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यावर शहरात नोटीस लागली की हा साधा दूषित ताप आहे, गरिबांच्या निकृष्ट खाण्यामुळे येतो.

ही नोटीस मला फार ओळखीची वाटते. तारीख तेवढी बदला.

ऑगस्ट संपता संपता रोज हजार माणसं मरत होती. ज्यांच्याकडे गावाबाहेर वाडी होती ते आधीच निघून गेले होते. एक्स शहरातल्या न्यायसभेने मार्सेलिसच्या लोकांना बाहेर पडायला बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. प्रेतं उचलायला माणसं उरली नाहीत म्हणून गलबतांवरचे वल्हेकरी कैदी आणले. जगलात तर सुटका, असं त्यांना सांगितलं होतं. बहुतेक सगळे मेले. समुद्रकाठच्या तुरेत नावाच्या मोकळ्या जागेवर हजारावर प्रेतं उन्हात सडत पडली होती. १६ सप्टेंबरला रोझ नावाच्या सरदाराने सैनिक आणि कैदी घेऊन ती जवळच्या दोन पोकळ बुरुजांत लोटली. त्या कामावर गेलेल्यांपैकी अगदी मोजके वाचले.

शहराची वस्ती होती ९०,००० च्या आसपास. त्यातले ४० ते ५० हजार मेले. आसपासचा सगळा प्रोव्हान्स प्रांत धरला तर आकडा लाखाच्या वर जातो. पुढच्या वर्षी रोग उत्तरेकडे सरकू नये म्हणून २७ किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधली, तिचे तुकडे आजही डोंगरात उभे आहेत. गरिबांनी ओलांडू नये म्हणून भिंत बांधता येते. जत्रेला निघालेल्या गठ्ठ्यांसाठी ती आधी बांधायला हवी होती.

आणि शिक्षा कुणाला झाली? कप्तान शातो याला सप्टेंबरमध्येच पकडून समुद्रातल्या इफ किल्ल्यात डांबलं. (ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'मधला तुरुंग तो हाच.) तीन वर्षं तो तिथे होता. जहाज राजाज्ञेने जाळलं. एस्तेलवर आरोप झाले, ते फेटाळले गेले, आणि १७२२ मध्ये त्याला सरदारकीचा किताब मिळाला.

एस्तेलच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धीच सांगितली असं होईल. प्लेग भडकल्यावर श्रीमंत पळाले, तो पळाला नाही. इतर तीन कारभाऱ्यांबरोबर शेवटपर्यंत शहरात राहिला, प्रेतं हलवण्यापासून धान्य वाटण्यापर्यंत सगळ्यात होता. त्याला खलनायक करणं सोपं आहे. मला त्याच्याबद्दल वाटतं ते वेगळं. हा कर्तव्यशून्य माणूस नव्हता. फक्त त्याचा माल जहाजात होता आणि जहाज अडवायचं की सोडायचं हे ठरवणारे त्याचेच सोबती होते. अशा वेळी सज्जन माणसालाही 'एवढ्याने काय होतंय' असं वाटतं. प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आणि रँड आठवतो, म्हणजे नियमाचा जाच. मार्सेलिसमध्ये नेमकं उलट झालं. तिथे नियम मऊ पडला, पण पडला वरच्यांसाठी, आणि मेले खालचे.

हे डोक्यात ठेवून आता १९१० कडे या.

मधल्या काळात शहर पार बदललं होतं. १८४४ पासून उत्तरेकडे जोलिएत भागात नव्या गोद्या बांधायला घेतल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्याच्या वाटेवर मार्सेलिस आलं. इथे उतरून आगगाडीने पॅरिसमार्गे लंडन गाठलं की बोटीचे बरेच दिवस वाचायचे. सेनेगलहून आणि पाँडिचेरीच्या बाजूने भुईमूग यायचा, त्याचं तेल आणि साबण व्हायचा. कौलांच्या भट्ट्या होत्या, तिथली एकमेकांत अडकणारी सपाट कौलं जगभर जायची. आपल्या कोकणातलं मंगलोरी कौल त्याच घराण्यातलं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात ती काढायला सुरुवात केली. वसाहतींच्या पैशावर शहर गबर झालं आणि ते त्याने लपवलंही नाही. रेल्वे स्टेशनसमोर १९२७ मध्ये १०४ पायऱ्यांचा भव्य जिना झाला. त्यावर आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या वसाहती म्हणून दोन पहुडलेल्या बायका दगडात कोरल्यात. अजून आहेत.

तर १९१०. पी अँड ओ कंपनीची 'मोरिया' बोट सावरकरांना घेऊन ७ जुलैला मार्सेलिसला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शौचकूपाच्या खिडकीतून बाहेर पडले, पाण्यात उतरले, धक्क्यावर चढून पळाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या काही मिनिटांबद्दल. धक्क्यावर पाय पडला त्या क्षणी तो माणूस फ्रान्सच्या भूमीवर होता. परक्या देशाचा कैदी परत द्यायचा तर त्याची रीतसर पद्धत होती: मागणी, कागद, न्यायालय. तिथल्या फ्रेंच जलपोलिसाने त्याला धरलं आणि थेट बोटीवर नेऊन दिलं. ना मागणी, ना कागद.

फ्रान्समध्ये ओरड झाली. समाजवादी वर्तमानपत्रांनी, त्यात कार्ल मार्क्सचा नातू जाँ लोंगे पुढे होता, प्रश्न लावून धरला. फ्रान्स सरकारने कैदी परत मागितला. ब्रिटनने नकार दिला. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला आणि तो कुणीही एकदा नीट समजून घ्यावा असा आहे. लवाद म्हणाला, हस्तांतरात अनियमितता झाली असं मानलं, तरीसुद्धा कैदी परत द्यायला ब्रिटन बांधलेलं नाही, तसा कुठला नियमच नाही. आपल्या सरकारी फायलीत असतं तसं: त्रुटी आढळली, कार्यवाही आवश्यक नाही. शिवाय निकालाची वाट बघतंय कोण? डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये मुंबईत जन्मठेपेच्या दोन्ही शिक्षा सुनावून झाल्या होत्या.

सावरकरांच्या विचारांबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही आहे, ते इथे आणत नाही. पण आश्रयाचा हक्क हा माणूस बघून द्यायचा नसतो. दोन मोठ्या सरकारांना एकमेकांशी बिघडवायचं नव्हतं, म्हणून नियम वाकला.

पुढची हजेरी भराभर घेतो. २६ सप्टेंबर १९१४ पासून याच बंदरात हिंदी सैनिकांच्या तुकड्या उतरल्या, फ्रान्स वाचवायला. फुलं, जयजयकार, पोरांची गर्दी, सगळं झालं. त्यांतल्या कित्येकांची स्मारकं शहराच्या माझार्ग भागातल्या दफनभूमीत आहेत. धक्का त्याच शहराचा, माणसं त्याच देशाची, मध्ये फक्त चार वर्षं. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी इथेच उतरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे भारताचा वाणिज्य दूतावास उघडला, त्या दिवशी दोन्ही देशांचे नेते माझार्गलाही गेले.

पण मला जानेवारी १९४३ वर थांबायचंय, कारण ती गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही.

जुन्या बंदराच्या उत्तरेच्या काठाला अरुंद गल्ल्यांची दाट वस्ती होती. कोळी, गोदी कामगार, इटालियन, खलाशांच्या खानावळी, वेश्यावस्ती. सुखवस्तू लोक तिला शहराचा डाग म्हणायचे. ती पाडून 'सुधारणा' करायच्या योजना कधीपासून कागदावर होत्या, अगदी १९४२ मध्येही एक नवा आराखडा तयार झाला होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. जानेवारीत त्यांच्यावर हल्ले झाले आणि बर्लिनहून हुकूम आला: ती वस्ती साफ करा. हुकूम जर्मन होता, पण घराघरांत शिरले ते हजारो फ्रेंच पोलीस. सुमारे २०,००० लोकांना सामान घ्यायलाही नीट वेळ न देता बाहेर काढलं, बहुतेकांना फ्रेजुसच्या छावणीत नेलं. शहरभरच्या धरपकडीत सापडलेल्या ज्यूंपैकी सुमारे ८०० जणांना पुढे पोलंडमधल्या सोबिबोर मृत्युछावणीत पाठवलं गेलं. मग फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे १,५०० इमारती उडवल्या. रस्त्यामागून रस्ता. नगरपालिकेची देखणी इमारत आणि एकदोन ऐतिहासिक वाडे तेवढे जपून ठेवले.

म्हणजे बघा, सुरुंगाचा नकाशा किती नीट आखला होता. सुंदर ते राहिलं, गरीब ते गेलं. ढिगाऱ्याखालून नंतर रोमन काळातली कोठारं निघाली, मोठमोठे मातीचे रांजण जागच्या जागी पुरलेले. त्यांचं संग्रहालय झालं. तिथून हाकललेल्या माणसांच्या बाजूने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची चौकशी सुरू व्हायला २०१९ उजाडलं. तेव्हा लहान असलेली पोरं एव्हाना ऐंशीच्या पुढे गेली होती.

युद्धानंतर शहर पुन्हा भरलं. आर्मेनियन वीसच्या दशकातच आले होते, १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तिथले फ्रेंच बोटी भरभरून आले, मग अल्जीरियन, ट्युनिशियन, कोमोरो बेटांवरचे. मोठी जहाजं आणि तेलाचा धंदा पश्चिमेला फोसच्या नव्या बंदराकडे गेला. गोदीतला रोजगार आटला. आज वस्ती साडेआठ लाखांच्या वर आहे. उत्तरेकडे उंच इमारतींच्या गरीब वसाहती, दक्षिणेकडे समुद्र बघणारे बंगले. मुंबईकराला नकाशा समजावून सांगायला नको.

२०१३ मध्ये मार्सेलिस युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. जुन्या बंदरात चकचकीत आरशाचं छत आलं, समुद्राकाठी मोठं नवं संग्रहालय आलं. फोटो खरंच सुंदर येतात. दोन वर्षांनी गृहनिर्माण मंत्रालयासाठी केलेल्या एका अहवालात लिहिलं होतं की शहरातली सुमारे ४०,००० घरं राहण्यास अयोग्य आहेत आणि त्यांत लाखभर माणसं राहतात. अहवाल आला, छापून आला, फायलीला लागला.

५ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी नऊच्या सुमाराला ओबान्य रस्त्यावरच्या ६३ आणि ६५ नंबरच्या इमारती कोसळल्या. जुन्या बंदरापासून चालत काही मिनिटांवर. बाजाराचा भाग, मसाल्याची दुकानं, भाजीवाले. आठ माणसं मेली. ६३ नंबर रिकामी होती आणि ती होती चक्क सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची. ६५ मध्ये भाडेकरू राहत होते, आणि तिथल्या फ्लॅटमालकांत प्रादेशिक परिषदेचा एक उपाध्यक्षही होता. दरवाजे अडकायला लागले, भिंतींना भेगा गेल्या, म्हणून रहिवासी ओरडत होते. १८ ऑक्टोबरला इमारत रिकामी केली, तज्ज्ञ आला, त्याने पाहणी केली, आणि एक फ्लॅट सोडून बाकीच्यांना त्याच दिवशी परत घरी पाठवलं. अठरा दिवसांनी ती इमारत राहिली नाही.

१७२० मध्ये प्रेत तपासून 'प्लेग नाही' असं लिहून देणारा वैद्य आणि हा तज्ज्ञ, यांच्यात मला फार फरक दिसत नाही. दोघंही वाईट माणसं होती असं मला म्हणायचं नाही. धोका आहे असं लिहिलं तर मोठ्या लोकांची मोठी अडचण होणार होती. धोका नाही असं लिहिलं तर अडचण होणार ती फक्त आत झोपणाऱ्यांची. आपल्याकडे पावसाळ्याआधी म्हाडाची धोकादायक इमारतींची यादी येते, तेव्हा त्या यादीत काय आहे त्यापेक्षा काय नाही हे बघावंसं वाटतं, ते यामुळेच.

दुर्घटनेनंतर आठवडाभरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. पालिकेला एकाएकी धोकादायक इमारती दिसायला लागल्या, पुढच्या काळात काही हजार लोकांना घराबाहेर काढलं, कित्येकांनी महिनोन्महिने हॉटेलांच्या खोल्यांत काढले. २५ वर्षं सत्तेवर असलेल्या महापौराची आघाडी २०२० च्या निवडणुकीत गेली. खटला उभा राहायला मात्र सहा वर्षं लागली. २०२४ च्या शेवटी तो चालला, १६ जण आरोपी होते, जुलै २०२५ मध्ये निकाल लागला. काही दोषी ठरले, काही सुटले.

कुणी तिकडे जाणार असाल तर शॉपिंग सेंटरला लागून असलेल्या त्या इतिहास संग्रहालयात जरूर जा. 'ग्रां सेंत आंत्वान'चे बुडालेले अवशेष १९७८ मध्ये जार बेटाजवळ पाणबुड्यांना सापडले, आणि जहाजाचा नांगर वर काढला. म्हणजे जहाज शेवटी त्याच बेटापाशी पोचलं होतं जिथे ते पहिल्या दिवशी थांबायला हवं होतं, पण जाळून घ्यायला. तिथून दहाएक मिनिटं चाललात की ओबान्य रस्ता येतो. रांगेतल्या इमारतींमध्ये एक खिंडार पडलेलं आहे. जवळच्या छोट्या चौकाला रहिवाशांच्या मागणीवरून नवं नाव मिळालं. कुठल्या पुढाऱ्याचं नाही, संताचं नाही. पाटीवर फक्त तारीख आहे: ५ नोव्हेंबर २०१८.